हात येथें, काम तेथें

विहिरींत घागर पडली कीं पूर्वीं वाड्यांतल्या एकाद्या जाणत्या माणसाला हांक मारीत. तो दोराच्या टोंकाला लोखंडी गळ बांधून खालीं सोडी आणि कांठावर ओणवा होऊन, डोळे जवळजवळ मिटूनच, दोर हळूहळू फिरवीत राही. पाणी काळें, तळाचें कांहींच दिसत नसे. पण दोराला बसलेला किंचित् हिसका, दगडावरून गळ घसरतांना होणारी खरखर, घागरीच्या गळ्यांत आंकडा अडकतांच वाढलेला भार, हें सर्व त्याच्या बोटांना कळे. दोनचारदां गळ रिकामा येई. मग घागर वर येई. ही विद्या त्याला कोणीं शिकविलेली नसे. घागरी पुष्कळ पडत आणि विहीर दाराशींच होती, म्हणून ती त्याच्या हातीं आलेली असे.

माणूस कांठावर आणि काम तळाशीं, अशीं कामें आज जगांत पुष्कळ चाललीं आहेत. समुद्राच्या पोटांत दीड हजार मीटर खोलीवर तेलविहिरींच्या तोंडांशीं खटपट करणारीं यंत्रें, किरणोत्सर्गामुळें जेथें मनुष्यानें पाऊल टाकूं नये अशा दालनांत शिरणारे लोखंडी हात, पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या स्थानकावरचे प्रचंड बाहु, मंगळावरच्या गाड्या, या सर्वांचा चालक दूर कोठें तरी खुर्चीवर बसलेला असतो. मात्र विहिरीकांठच्या त्या माणसाहून याची स्थिति उलटी आहे. याला दिसतें, पण हातांत दोर नाहीं. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी: याची विहीर दाराशीं नाहीं. चुकत चुकत शिकावें इतक्या घागरी त्याच्या वांट्याला येत नाहींत. बहुधा एकच येते, तिची किंमत कोट्यवधि रुपये असते, आणि क्वचित् तिच्या टोंकाला एक जिवंत माणूसहि उभा असतो.

डोळा आहे आणि स्पर्श नाहीं, या उणिवेची कल्पना घरीं बसून घेतां येते. श्रोत्यांनीं एक डोळा मिटावा, दोन्ही हातांत एकेक पेन्सिल आडवी धरून हात लांब करावे, आणि दोन्ही टोंकें एकमेकांस भिडवून पाहावीं. नेम बहुधा चुकतो. एक टोंक दुसऱ्याच्या पुढून किंवा मागून निघून जातें. वस्तु किती दूर आहे हें आपणांस मुख्यतः दोन डोळ्यांच्या दोन निरनिराळ्या चित्रांवरून कळतें, आणि कॅमेरा हा बहुधा एकाक्ष असतो. शिवाय त्याचें क्षेत्र अरुंद. बाजूला काय आहे तें मान वळवून पाहण्याची सोय नाहीं. कातडीला वारा नाहीं, हाताला धक्का नाहीं, आणि 'आतां आपण कलंडणार' असें पोटांत गोळा आणून सांगणारी आंतली जाणीवहि नाहीं.

या अभावाची किंमत केवढी पडते, याचा एक दाखला चंद्रावर पडून आहे. १९७० च्या नोव्हेंबरांत सोव्हिएत रशियानें 'लुनोखोद' नांवाची आठ चाकांची गाडी चंद्रावर उतरविली. तिचें पांच जणांचें चालकपथक क्रिमियांत सिंफेरोपोलजवळ बसे. चंद्रापर्यंत रेडिओची लहर जाऊन परत येण्यास सुमारें अडीच सेकंद लागतात, आणि गाडीकडून येणारीं चित्रें सिनेमासारखीं अखंड नसून कांहीं सेकंदांनीं एक अशीं स्थिर येत. म्हणजे चालकाला दिसे तें घडून गेलेलें, आणि तो आज्ञा देई ती पुढें घडावयाच्या गोष्टीला. या पथकासाठीं चंद्रभूमीची नक्कल म्हणून खांचखळग्यांचें एक मैदानच तयार केलें होतें व त्यावर त्यांनीं पुष्कळ सराव केला होता. दुसरी गाडी १९७३ सालीं गेली. ती एकोणचाळीस किलोमीटरांच्या आसपास चालली; पण मे महिन्यांत एका खळग्यांत शिरली असतां तिचें उघडें झांकण कडेला घांसलें आणि त्यावर माती पडली. झांकण मिटल्यावर ती माती गाडी थंड ठेवणाऱ्या भागावर सांडली, आंतील उष्णता बाहेर पडेना, आणि गाडी कायमची थांबली. चालक गाडींत असता तर तो धक्का त्याला जाणवला असता. पण तो होता पावणेचार लक्ष किलोमीटर दूर, आणि ज्या दिशेला झांकण होतें तिकडे त्याची नजर नव्हती.

मैदान करून सराव करणें हा एक उपाय झाला. परंतु कित्येक यंत्रें अशीं आहेत कीं तीं पृथ्वीवर चालवून पाहतांच येत नाहींत. कॅनडा देशानें अमेरिकेच्या स्पेस शटलसाठीं बनविलेला यांत्रिक बाहु हें त्याचें उत्तम उदाहरण होय. तो १९८१ च्या नोव्हेंबरांत प्रथम अवकाशांत गेला. लांबी पंधरा मीटरांहून थोडी अधिक, वजन सुमारें ४१० किलोग्रॅम. खांदा, कोपर व मनगट मिळून सांधे सहा. अवकाशांत हा बाहु कित्येक टनांचा उपग्रह धरून जागेवर ठेवी. पृथ्वीवर मात्र त्याला स्वतःचा भारहि पेलवत नसे! मग ज्याला तो चालवावयाचा त्यानें आपला हात कोठें बसवावा?

हा हात बसविणें म्हणजे काय, तें थोडें खोलांत जाऊन पाहण्यासारखें आहे. चालकाच्या डाव्या हातांत एक दांडी असे. तिनें बाहूचें टोंक पुढें-मागें, वर-खालीं, डावीकडे-उजवीकडे सरके. उजव्या हातांतली दांडी तें टोंक जागच्या जागीं फिरवी. बाहु रिकामा असला तर त्याचा अधिकांत अधिक वेग सेकंदास साठ सेंटिमीटर, आणि भार घेतलेला असला तर अवघा सहा सेंटिमीटर. हा वेग ऐकून कोणास हंसूं येईल. परंतु अवकाशांत वस्तूचें वजन नाहींसें झालें तरी तिचें जडत्व नाहींसें होत नाहीं. दहा टनांची वस्तु सहा सेंटिमीटरांच्या वेगानें चालली असली तरी ती थांबवूं म्हटल्यानें थांबत नाहीं. लांबलचक बाहु वेताच्या छडीसारखा किंचित् लवतो आणि दांडी सोडल्यावरहि कांहीं वेळ झुलत राहतो. नवशिका तें झुलणें थांबविण्यासाठीं उलट बाजूस दांडी ढकलतो आणि झोंका आणखीच वाढवितो. जाणता चालक हात आंवरून स्वस्थ राहतो. हें स्वस्थ राहणें सांगून समजतें, पण सांगून अंगीं बाणत नाहीं. तशीच दुसरी गोष्ट कोपराची. नवशिक्याची नजर बाहूच्या बोटांवर खिळलेली असते, आणि तिकडे कोपर विमानाच्या भिंतीकडे चाललें आहे याचें त्याला भान नसतें.

यंत्राजवळ न जातां यंत्र शिकविण्याची युक्ति अगदीं नवी नाहीं, आणि तिचा उगम मोठा गमतीचा आहे. अमेरिकेंत बिंगहॅम्टन गांवीं एडविन लिंक नांवाच्या गृहस्थाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. मुलाला विमानें उडविण्याचा छंद; पण शिकवणीचे पैसे फार पडत. तेव्हां त्यानें ऑर्गनचे भाते, म्हणजे आपल्या पेटीला असतात त्याच जातीचे पण मोठे, घेऊन त्यांवर एक आंखूड लाकडी विमान बसविलें. दांडी हालवितांच भात्यांत हवा भरे व निघे, आणि विमान जागच्या जागीं डोलूं, कलूं व वळूं लागे. १९२९ च्या सुमारास हें यंत्र तयार झालें तेव्हां जत्रेंतलें खेळणें म्हणूनच तें प्रथम खपलें. पुढें १९३४ सालीं अमेरिकन सैन्याकडे टपाल नेण्याचें काम आलें, आणि धुकें व वादळ यांत केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याची संवय नसल्यानें थोड्याच आठवड्यांत अनेक वैमानिक मृत्युमुखीं पडले. मग सैन्यानें हीं खेळणीं विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत त्यांवर पांच लाखांहून अधिक लोक शिकले, असें सांगतात. विद्यार्थी झांकलेल्या डब्यांत बसे. बाहेर शिक्षकाच्या टेबलावर नकाशा पसरलेला असे, आणि शाईचें चाक असलेला एक लहानसा 'खेंकडा' विद्यार्थी कोठून कोठें भरकटला याची रेघ त्यावर उमटवीत जाई. विद्यार्थी समुद्रांत बुडाला तरी बाहेर येऊन आपली रेघ पाहूं शके.

भात्यांच्या ठिकाणीं आतां संगणक आला आहे, आणि डब्याच्या ठिकाणीं डोळ्यांवर चढवावयाचा चष्मा किंवा शिरस्त्राण. यालाच व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात. मराठींत 'आभासी वास्तव' असा शब्द रूढ झाला आहे. त्याचा पहिला नमुना इव्हान सदरलँड या शास्त्रज्ञानें १९६८ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत तयार केला. तो इतका जड होता कीं छतापासून टांगावा लागे, आणि त्यांत दिसत त्या केवळ उजळ रेघांच्या चौकटी. आजच्या चष्म्यांत दोन डोळ्यांपुढें दोन निराळीं चित्रें असतात, त्यामुळें खोली कळते. पण खरी किमया दुसरीच आहे. डोकें किती वळलें हें चष्मा क्षणोक्षणीं मोजतो, आणि मान डावीकडे वळली कीं संगणक डावीकडचें दृश्य काढून देतो. हें काम सेकंदाच्या सुमारें पन्नासाव्या भागाच्या आंत व्हावें लागतें. तेवढाहि उशीर झाला तर डोळा एक सांगतो आणि कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय दुसरें सांगतें, आणि शिकणाऱ्याला बोट लागल्यासारखें मळमळूं लागतें.

येथें दिसणारें दृश्य पूर्वीं घेतलेला चित्रपट नव्हे, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. चित्रपट पाहणाऱ्याच्या मर्जीनें बदलत नाहीं. संगणकाच्या पोटांत बाहूच्या प्रत्येक भागाची लांबी, जडत्व, सांध्याची ताकद, लवचीकपणा, हे सर्व आंकडे भरलेले असतात. शिकणाऱ्यानें दांडी रेटली कीं त्या आंकड्यांवरून नवी स्थिति काढली जाते आणि तिचें चित्र उमटतें. म्हणून त्या जगांत चूक करतां येते, आणि चुकीचें फळहि मिळतें.

या विद्येची मोठी परीक्षा १९९३ च्या डिसेंबरांत झाली. हबल ही अवकाशांतील दुर्बीण १९९० सालीं वर गेली होती. पण तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा कडेला सुमारें दोन मायक्रॉन, म्हणजे केंसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाइतका, अधिक सपाट घांसला गेला होता, आणि ताऱ्यांचीं चित्रें अंधुक येत होतीं. दुरुस्तीसाठीं 'एंडेव्हर' शटलमधून सात जण गेले. बाहु चालविण्याचें काम मुख्यतः क्लॉद निकोलिए या स्विस अवकाशवीराकडे होतें. तेरा मीटर लांब व अकरा टनांची ती दुर्बीण बाहूनें धरून विमानावर उभी करावयाची, आणि मग बाहूच्या टोंकाशीं पाय अडकवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याला, त्याच्या हातांत कपाटाएवढी पेटी असतांना, अलगद न्यावयाचें आणि आणावयाचें, असें तें काम होतें.

तत्पूर्वीं ह्यूस्टन येथें या मोहिमेची आभासी प्रतिकृति तयार केली गेली होती. तिचा उपयोग केवळ अवकाशवीरांस झाला असें नाहीं. जमिनीवर बसून सल्ला देणाऱ्या पथकांतील शंभराहून अधिक लोकांनीं चष्मे चढवून त्या दुर्बिणीभोंवतीं फिरून पाहिलें, कप्प्यांचीं दारें उघडलीं, पेट्या काढल्या व बसविल्या. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते, पण तींतच या शिक्षणाचें मर्म आहे. आराखडा वाचून घर कळत नाहीं. घरांत वावरल्यावर अंधारांतहि कोनाडा सांपडतो. दूरच्या यंत्राच्या चालकाला कॅमेऱ्याच्या अरुंद खिडकींतून जागेचे तुकडेच दिसतात. ते जोडून मनांत अखंड जागा उभी करणें हेंच त्याचें खरें कसब, आणि आभासी वास्तव दांडी फिरविण्याहून हेंच अधिक शिकवितें.

लागोपाठ पांच दिवस पांच वेळां अवकाशवीर बाहेर पडले. पहिल्याच दिवशीं कप्प्याचीं दारें मिटेनात; बऱ्याच झटापटीनंतर तीं बसलीं. सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या दोन पंखांपैकीं एकाचा दांडा वांकला होता व तो गुंडाळला जाईना. दुसऱ्या दिवशीं कॅथ्रिन थॉर्न्टन यांनीं बाहूच्या टोंकावर उभें राहून तो पंख अवकाशांत सोडून दिला. विमान मागें हटतांना त्याच्या झोताचा मारा लागून तो पंख पक्ष्यासारखा फडफडत दूर गेला. सरावाच्या नेमून दिलेल्या क्रमाशीं यांतील कांहीं गोष्टी जुळणाऱ्या नव्हत्या. तरीहि निवळलेल्या दृष्टीची ती दुर्बीण अखेर सुखरूप सोडण्यांत आली.

खोट्या जगांत मिळविलेलें कसब खऱ्या जगांत टिकतें का, हा प्रश्न पुष्कळांनीं विचारला आहे आणि तो रास्त आहे. त्याचें चोख मोजमाप एका निराळ्या क्षेत्रांत झालें. पोटाला लहान छिद्रें पाडून, आंत कॅमेरा व लांब दांड्यांचीं हत्यारें घालून शस्त्रक्रिया करणारा वैद्य रोग्याच्या शेजारीं असला तरी त्याची स्थिति दूरच्या चालकासारखीच: डोळे पडद्यावर, स्पर्श जवळजवळ नाहीं. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत सोळा शिकाऊ शस्त्रवैद्यांपैकीं निम्म्यांना आभासी यंत्रावर तयार केलें व निम्म्यांना नेहमींच्या रीतीनें, आणि मग सर्वांकडून पित्ताशयाची खरी शस्त्रक्रिया करविली. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत पहिल्या गटाला एकोणतीस टक्के वेळ कमी लागला. महत्त्वाचें हें कीं, पित्ताशयाला इजा करणें किंवा भलताच भाग भाजणें या चुका न शिकलेल्या गटाकडून पांचपट संभवल्या.

म्हणून हें यंत्र घेतलें कीं शिक्षण झालें, असें मानणारे लोक आहेत, ते फसतात. पांडवांच्या मयसभेंत दुर्योधनानें कोरड्या जमिनीला पाणी समजून वस्त्र आंवरलें आणि पाण्याला जमीन समजून तो आंत पडला. नक्कल जेथें असत्य असेल तेथें ती असत्यच शिकविते, आणि तेंहि पक्कें शिकविते. हबलच्या दुरुस्तीचा मुख्य सराव अलाबामा संस्थानांत हंट्सव्हिल येथील खोल पाण्याच्या टाकींत झाला. पाण्यांत तरंगणारा माणूस भारहीन असल्यासारखा वागतो, हें खरें. पण मोठी वस्तु ढकलली तर पाणी तिला अडवितें व थांबवितें. अवकाशांत तिला थांबविणारें कोणी नाहीं. केवळ टाकींत शिकलेला हात ढकलण्यांत पटाईत होतो आणि थांबविण्यांत कच्चा राहतो. उलट चष्म्यांतल्या जगांत गतीचे नियम चोख असतात, पण पेटी हाताला लागतच नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेंत तारांनीं ताणून धरलेली एक पेटी केली. शिकणारा तिचीं मुठीं धरून ओढतो, आणि मोटारी तारा अशा खेंचतात कीं मोठ्या वस्तूचें जडत्व हाताला जाणवावें. चष्मा डोळ्यांसाठीं, तारा हातासाठीं, टाकी सर्वांगासाठीं. एकाच नकलेवर विसंबूं नये हें तेथील लोकांना लौकर कळलें.

आणि शिक्षक? त्याच्यावांचून हें यंत्र म्हणजे जत्रेंतलें तें जुनें खेळणेंच. शिकणारा नीट चालवूं लागला कीं एक कॅमेरा बंद पाडावयाचा, पुढें एकादा सांधा अडकवावयाचा, आणि तो गोंधळला तर लगेच सोडवावयाचें नाहीं, पण हताशहि होऊं द्यावयाचें नाहीं, हा निवाडा संगणकाचा नव्हे. संकट फार लौकर घातलें तर मूल भितें; फार उशिरां घातलें तर तें गर्विष्ठ झालेलें असतें. कोणत्याहि शाळेंत हेंच चालतें. शिवाय आभासी जगांत भय नसतें. तेथें शंभरदां आपटलेल्या चालकाला आपटण्याची संवय होण्याचा धोका आहे. म्हणून अखेरच्या तालमी सबंध पथकासह, खऱ्या घड्याळावर, मध्यें न थांबतां घेतात.

शटलें २०११ सालीं थांबलीं. त्या बाहूचा थोरला भाऊ, १७.६ मीटर लांब व सात सांध्यांचा, २००१ पासून आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर आहे. त्याचीं बरींचशीं कामें ह्यूस्टनहून किंवा कॅनडांतील सेंट ह्यूबर्टहून, जमिनीवर बसूनच चालवितात. मात्र स्वतः जोडून न घेणारें मालवाहू यान आलें कीं तें धरण्याचें काम स्थानकांतील माणसाकडे येतें. यान सुमारें दहा मीटरांवर येऊन मोकळें तरंगतें. दोघांचाहि वेग ताशीं सुमारें अठ्ठावीस हजार किलोमीटर, आणि त्या दोघांमधील वेग मात्र जवळजवळ शून्य ठेवून बाहूचें टोंक यानावरच्या एका खुंटीवर न्यावयाचें. टोंक चुकून खुंटीला लागलें तर यान गिरकी घेऊं लागेल. हें कसब मॉंट्रियलजवळ शिकलेलें असलें तरी अवकाशांत महिने लोटले कीं हात मंदावतो. त्यासाठीं स्थानकांतच दोन दांड्या जोडलेला एक लहान संगणक ठेवला आहे. यान येण्याच्या आधीं कांहीं दिवस अवकाशवीर त्यापुढें बसतो आणि पडद्यावरचें यान पुन्हा पुन्हा धरतो, सोडतो, कधीं निसटूं देतो. खरा बाहु त्या वेळीं भिंतीपलीकडे, हाकेच्या अंतरावर, निश्चल उभा असतो.